अरबी ब्लॅक मेटल

अरबी ब्लॅक मेटल हा ब्लॅक मेटल या रॉकसंगीताच्या उपप्रकाराचा आणि अरबी पारंपरिक संगीताचा संकर होय. विजेवर चालणाऱ्या गिटारींचा घनदाट नाद, अतिद्रुत ढोलवादन आणि किंचाळीसारखा गायनस्वर हे ब्लॅक मेटलचे घटक यात कायम राहतात. त्यांच्या जोडीला अरबी संगीतातील मकाम (स्वररचनेची पद्धती), ईका (तालचक्रे) आणि ऊद, कानून, नय, दरबुका यांसारखी वाद्ये येतात. या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध बँड म्हणजे जेरुसलेममध्ये स्थापन झालेला मेलेकेश आणि सौदी अरेबियातील अल-नमरूद. भारतात याच्याशी समांतर प्रयत्न मुंबई व कोलकाता येथील बँडनी भारतीय संगीताच्या आधारे केले असून मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनचा ‘दशावतार’ (२०१७) हा अल्बम त्यांपैकी विशेष उल्लेखनीय आहे.

संज्ञा

या संगीतासाठी ‘ओरिएंटल मेटल’, ‘मध्यपूर्वी मेटल’ अशा संज्ञाही वापरल्या जातात. त्या अधिक व्यापक असून त्यांत ब्लॅक मेटलखेरीज डेथ मेटल, डूम मेटल व प्रोग्रेसिव्ह मेटल यांचाही समावेश होतो. उदाहरणार्थ, इस्रायलचा ऑर्फन्ड लँड आणि ट्युनिशियाचा मायरथ हे बँड ओरिएंटल मेटलमध्ये मोडतात, पण ब्लॅक मेटलमध्ये नाही. मेलेकेशने स्वतःच्या संगीताला ‘मेसोपोटेमियन मेटल’ म्हटले आहे. ‘अरबी’ हे विशेषणही सैलपणेच घ्यावे लागते. मेलेकेशचा संस्थापक वंशाने अरब नाही, आणि या संगीतात तुर्की, आर्मेनियन व असिरियन परंपरांचे अंशही आढळतात.

पार्श्वभूमी

‘ब्लॅक मेटल’ हे नाव इंग्लंडमधील व्हेनम या बँडच्या १९८२ सालच्या अल्बमवरून रूढ झाले. स्वीडनच्या बाथोरीने या प्रकाराला आकार दिला आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेतील मेहेम, डार्कथ्रोन, बर्झम, एम्परर इत्यादींनी त्याचे आजचे रूप सिद्ध केले. संघटित धर्माचा, विशेषतः ख्रिस्ती धर्माचा, तीव्र निषेध हा या संगीताच्या आशयाचा गाभा होता. नॉर्वेतील काही अनुयायी त्यापलीकडे गेले. जून १९९२ मध्ये बेर्गेनजवळील फांटॉफ्ट येथील प्राचीन लाकडी चर्च जाळण्यात आले व त्यानंतर अशा आगींची मालिकाच सुरू झाली. १९९३ मध्ये मेहेमचा गिटारवादक युरॉनिमस याची हत्या झाली. या घटनांमुळे ब्लॅक मेटलविषयी जगभर जी प्रतिमा तयार झाली, तिची किंमत पुढे दूरच्या देशांतील श्रोत्यांनाही मोजावी लागली.

पारंपरिक संगीताशी सांधा जुळवण्याची कल्पनाही मूळची उत्तर युरोपातलीच. बाथोरीच्या ‘हॅमरहार्ट’ (१९९०) या अल्बमात नॉर्स पुराणकथांचा विषय घेतला आहे आणि नॉर्वेच्या उल्व्हरच्या ‘बेर्गटाट’ (१९९५) मध्ये लोकसंगीताचा उपयोग केला आहे. ‘चर्चपूर्व काळातील आपला वारसा’ ही त्यामागची प्रेरणा होती. पश्चिम आशियातील तरुणांनी हे संगीत ऐकले तेव्हा त्यांना व्हायकिंगांच्या जागी सुमेर, बॅबिलोन व अक्कद दिसले. ही अदलाबदल फारशी अवघड नव्हती.

सांगीतिक स्वरूप

दोन्ही संगीतपरंपरांत काही गोष्टी आधीपासूनच जुळतात. ब्लॅक मेटलमध्ये एकच स्वर नखीने अतिजलद, अखंड छेडत राहण्याची पद्धत (ट्रेमोलो) हा गिटारवादनाचा पाया आहे. ऊदवादनातही रीशा नावाच्या लांबट नखीने स्वर असाच थरथरत ठेवला जातो. हे साम्य केवळ योगायोगाचे म्हणता येणार नाही. अमेरिकेत विद्युत्-गिटारीवर अतिद्रुत ट्रेमोलो लोकप्रिय करणारा डिक डेल हा वडिलांकडून लेबनानी वंशाचा होता आणि त्याचे घरातील थोरांकडून अरबी वाद्यांशी परिचय झालेले कान त्याच्या वादनात दिसतात. त्याने १९६२ मध्ये गाजवलेली ‘मिसिरलू’ ही धून पूर्व भूमध्य प्रदेशातील आहे. दुसरे साम्य म्हणजे दोन्हींत पाश्चात्त्य स्वरमेळापेक्षा (हार्मनी) एकाच स्वरावलीच्या विस्ताराला महत्त्व आहे. आधारस्वर सतत वाजत ठेवून त्यावर स्वरवाक्ये रचणे ही रीत भारतीय श्रोत्यालाही परकी वाटत नाही.

स्वरांच्या बाबतीत सर्वाधिक वापर हिजाज या मकामाचा होतो. हिंदुस्थानी संगीताच्या परिभाषेत त्याची स्वरावली सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी अशी मांडता येते. हे स्वर बसंतमुखारी रागाचे होत. या रागाला हिजाज भैरव असेही नाव आहे, त्यावरून हा संबंध जुन्या गायकांनाही जाणवला होता असे दिसते. निषाद शुद्ध घेतल्यास हिजाजकार हा मकाम मिळतो आणि त्याची स्वरावली तंतोतंत भैरव थाटाची आहे. वर उल्लेखिलेली ‘मिसिरलू’ याच स्वरांत आहे. पाश्चात्त्य समीक्षक ज्या स्वरसंगतीला ‘गूढ’, ‘वाळवंटी’ अशी विशेषणे लावतात, ती मराठी श्रोत्याच्या कानाला पहाटेच्या भैरवाची वाटू शकते. राग म्हणजे केवळ स्वरावली नव्हे, मकामही नव्हे. त्यामुळे हे साम्य स्वरांपुरतेच मर्यादित समजावे.

खरी अडचण रास्त व बयाती यांसारख्या मकामांत येते. रास्तमधील गांधार व निषाद आणि बयातीमधील रिषभ हे शुद्ध व कोमल यांच्या साधारण मधोमध लागतात. गिटारीच्या दांडीवरील पडदे धातूचे व पक्के ठोकलेले असतात आणि सप्तकाचे १२ समान भाग पाडतात. हा मधला स्वर त्यांच्यावर सापडतच नाही. तो काढण्यासाठी वादकाला तार खेचावी लागते, बिनपडद्याची गिटार घ्यावी लागते किंवा जादा पडदे बसवून घ्यावे लागतात. अनेक बँड हा प्रश्न सोडवण्याऐवजी टाळतात. ते पाव स्वर लागत नसलेले हिजाज, नहावंद, कुर्द असेच मकाम निवडतात किंवा गिटार १२ स्वरांत ठेवून मधले स्वर ऊद, नय अथवा सिंथेसायझरकडे सोपवतात. अरब देशांतील बाजारासाठी बनवलेल्या सिंथेसायझरांवर पाव स्वर लावण्याची सोय असते. एकाच वेळी दोन वेगळ्या पद्धतींनी लावलेली वाद्ये वाजल्यामुळे जो खडखडीत, किंचित बेसूर भासणारा नाद निर्माण होतो, तो ब्लॅक मेटलच्या मूळच्या कर्कशपणात सहज मिसळून जातो. इतर कोणत्याही रॉकप्रकारात हा दोष खुपला असता.

स्वरांच्या या प्रश्नाशी महाराष्ट्राचा जुना परिचय आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये हिंदू स्वरसप्तक व २२ श्रुती या विषयावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदी अधिकारी ई. क्लेमेंट्स व देवल यांच्या प्रयत्नांतून श्रुती वाजवू शकणारी हार्मोनियम तयार झाली. देवलांच्या श्रुतिप्रयोगांना अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य झाले होते. हार्मोनियमची बंदिस्त पट्टी भारतीय स्वरांना न्याय देत नाही, हाच आक्षेप पुढे आकाशवाणीने घेतला आणि १९४० पासून सुमारे तीन दशके तिच्या केंद्रांवर या वाद्याला बंदी राहिली. अरबी जगातही त्याच सुमारास हा वाद रंगला होता. १९३२ मध्ये कैरो येथे भरलेल्या अरबी संगीत परिषदेत सप्तकाचे २४ समान भाग मानावेत की नाही आणि पियानोला अरबी संगीतात स्थान द्यावे की नाही यावर मतभेद झाले. सतारीला ही अडचण नाही. तिचे पडदे तातीने बांधलेले असून ते सरकवता येतात. सांगली जिल्ह्यातील मिरज हे अशा सतारी व तंबोरे घडवण्याचे जुने केंद्र आहे. तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

तालाच्या अंगाने पाहता ब्लॅक मेटलचा ‘ब्लास्ट बीट’ हा सरळ, समान आघातांचा असतो. त्यात मात्रांचे विभाग जवळजवळ ऐकूच येत नाहीत. अरबी तालचक्रांत मात्र ‘दुम्’ (भरीव) व ‘तक्’ (कोरडा) या आघातांची मांडणी हेच तालाचे रूप असते. मकसूम हा ताल ८ मात्रांत ‘दुम् तक् ऽ तक् दुम् ऽ तक् ऽ’ असा लिहितात. समाई सकील १० मात्रांचा आहे, पण त्याचे विभाग झपतालाप्रमाणे २, ३, २, ३ असे नसून ३, २, २, ३ असे आहेत. या संगीतातील यशस्वी रचनांत अतिद्रुत भाग व असे तालबद्ध मध्यलयीतील भाग आलटून-पालटून येतात. दरबुका व ढोलसंच एकाच वेळी पूर्ण वेगाने वाजवण्याचा प्रयत्न बहुधा फसतो, कारण दरबुकेचे कोरडे आघात झांजांच्या गदारोळात बुडून जातात.

मेलेकेश

मेलेकेशची स्थापना १९९३ मध्ये जेरुसलेम येथे अश्मेदी या टोपणनावाच्या संगीतकाराने एकट्याच्या उपक्रमाच्या रूपात केली. पुढील वर्षी गिटारवादक मोलोक व ढोलवादक लॉर्ड कर्स येऊन मिळाले. बँडचे नाव ‘राजा’ व ‘अग्नी’ या अर्थाच्या सेमिटिक शब्दांवरून बनले आहे. पहिला अल्बम ‘ॲज जेरुसलेम बर्न्स... अल-इन्तिसार’ १९९६ मध्ये निघाला. तीन धर्मांना पवित्र असलेल्या नगरात असे संगीत करणे सोपे नव्हते. सैतानपूजेच्या संशयावरून बँडला अधिकाऱ्यांच्या रोषाला तोंड द्यावे लागले. १९९८ च्या सुमारास सदस्यांनी शहर सोडले. अश्मेदी ॲम्स्टरडॅमला, तर मोलोक फ्रान्सला गेला.

स्थलांतरानंतर बँडचे संगीत अधिक प्रौढ झाले. ‘जिन’ (२००१), ‘स्फिंक्स’ (२००३) व ‘एमिसरीज’ (२००६) या अल्बमांत अरबी व अनातोलियन स्वरवाक्ये गिटारीवरच रचलेली आढळतात. पारंपरिक वाद्ये सजावटीपुरती वापरण्यापेक्षा गिटारीचीच बोली बदलणे हा मेलेकेशचा विशेष मानला जातो. १२ तारांच्या गिटारीचा उपयोगही त्याने केला. ‘द एपिजेनेसिस’ (२०१०) या अल्बमाचे ध्वनिमुद्रण इस्तंबूलमध्ये झाले. त्यानंतर ‘एंकी’ (२०१५) प्रसिद्ध झाला. गीतांचे विषय सुमेरी देवता, जिन व प्राचीन गूढविद्या हे असून ती प्रामुख्याने इंग्रजीत आहेत.

अल-नमरूद

अल-नमरूद २००८ मध्ये सौदी अरेबियाच्या पूर्व भागातील अल-खोबर येथे स्थापन झाला. नाव नमरूद (निम्रोद) या बॅबिलोनच्या उद्दाम राजाच्या कथेवरून घेतले आहे. अरबी व यहुदी आख्यानांत ईश्वराला आव्हान देणारा राजा म्हणून तो येतो. ‘अस्तफहल अल-सअर’ (२००९) हा पहिला पूर्ण अल्बम. त्यानंतर ‘इस्तूरत तागूत’ (२०१०), ‘किताब अल-अवसान’ (२०१२), ‘दियाजी अल-जौर’ (२०१५), ‘इनकार’ (२०१७) आदी अल्बम आले. ध्वनिमुद्रिका कॅनडातील शैतान प्रॉडक्शन्सने प्रकाशित केल्या. गीते अरबीत असल्याने उच्चारांचा ठसा निराळा आहे. अरबीतील घशातून उच्चारली जाणारी व्यंजने ब्लॅक मेटलच्या खरवडलेल्या आवाजात विशेष परिणामकारक ठरतात.

बँडचे सदस्य केवळ टोपणनावांनी ओळखले जातात. त्यांनी चेहरे दाखवलेले नाहीत आणि जाहीर कार्यक्रमही केलेला नाही. सौदी अरेबियात धर्मत्यागाला देहदंडाची तरतूद असल्याने ओळख उघड झाल्यास जिवाला धोका आहे, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. नॉर्वेत ब्लॅक मेटलचे चेहरे रंगवणे हे नाट्य होते, येथे चेहरा लपवणे ही गरज आहे. हा फरक या प्रकारावरील बहुतेक लेखनात अधोरेखित केलेला आढळतो. मात्र गुप्ततेची दुसरी बाजूही आहे. २०१० नंतर इराकमधील म्हणून गाजलेल्या जनाझा यांसारख्या निनावी बँडच्या खरेपणाविषयी जाणकारांनी शंका घेतल्या आणि अशा दाव्यांची पडताळणी करणे अवघड असल्याचे दिसून आले.

खटले व बंदी

अरब देशांत ब्लॅक मेटलचे वादकच नव्हे, तर साधे श्रोतेही अडचणीत आले. इजिप्तमध्ये जानेवारी १९९७ मध्ये पोलिसांनी सुमारे १०० तरुणांना सैतानपूजेच्या आरोपावरून ताब्यात घेतले. घरांतून जप्त केलेला पुरावा म्हणजे मुख्यतः ध्वनिफिती, भित्तिचित्रे व काळे सदरे. त्या वेळी देशाच्या प्रमुख मुफ्तींनी आरोपींनी पश्चात्ताप करावा, अन्यथा त्यांना देहदंड द्यावा, अशी भूमिका घेतली. अखेर खटला उभा राहिला नाही व तरुण सुटले, परंतु कैरोतील मेटलचे कार्यक्रम त्यानंतर अनेक वर्षे थंडावले. मोरोक्कोमध्ये २००३ मध्ये १४ मेटलवादक व चाहत्यांना एक महिना ते एक वर्ष अशा कारावासाच्या शिक्षा झाल्या. तेथे मात्र नागरिक रस्त्यावर उतरले आणि अपिलात बहुतेकांची मुक्तता झाली. कासाब्लांकातील ‘ल बुलव्हार’ या महोत्सवाने पुढे या संगीताला उघड व्यासपीठ दिले.

या संगीताचे सामाजिक अंग मार्क लेव्हाइन यांच्या ‘हेवी मेटल इस्लाम’ (२००८) या ग्रंथात आणि बगदादच्या ॲक्रासिकॉडा या बँडवरील ‘हेवी मेटल इन बगदाद’ (२००७) या माहितीपटात नोंदले गेले आहे. ऑर्फन्ड लँड या इस्रायली बँडला अरब देशांत मोठा चाहतावर्ग लाभला. २०१३ मध्ये त्याने खलस या पॅलेस्टिनी बँडसह युरोपचा संयुक्त दौरा केला, त्यात दोन्ही बँडनी एकाच बसमधून प्रवास केला.

भारत व महाराष्ट्र

भारतीय परंपरा व अतितीव्र मेटल यांचा संगम प्रथम भारताबाहेर घडला. सिंगापूरमध्ये १९९२ साली भारतीय वंशाच्या तरुणांनी स्थापलेल्या रुद्र या बँडने आपल्या संगीताला ‘वेदिक मेटल’ म्हटले व संस्कृत श्लोक आणि वेदान्तविचार यांचा उपयोग केला. त्याची ‘ब्रह्मविद्या’ ही अल्बमत्रयी २००५ ते २०११ या काळात पूर्ण झाली.

महाराष्ट्रात मेटलचे केंद्र मुंबई हे राहिले. १९८६ पासून भरणारा ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव आणि धोबी तलावाजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह यांनी या संगीताचा श्रोतृवर्ग घडवला. परिसर शांतता क्षेत्रात गेल्यानंतर रंगभवनातील मैफली थांबल्या. अरब देशांत श्रद्धेच्या नावाने जे थांबले, ते येथे ध्वनिमर्यादेच्या नियमाने थांबले, असा विनोद करता येईल. फरक इतकाच की येथे भारतीय शास्त्रीय संगीताच्या रात्रभर चालणाऱ्या मैफलींवरही तीच पाळी आली.

डेमॉनिक रेझरेक्शन हा बँड साहिल मखिजा यांनी २००० मध्ये मुंबईत स्थापन केला. ब्लॅक मेटल, डेथ मेटल व सिंफनी-सदृश कळफलक यांचे मिश्रण असलेल्या आपल्या संगीताला बँडने ‘डेमॉनिक मेटल’ असे नाव दिले. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५), ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०) व ‘द डीमन किंग’ (२०१४) या अल्बमांत भारतीय संगीताचा अंश अल्प आहे. २०१० मध्ये ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ नियतकालिकाच्या गोल्डन गॉड्स पुरस्कारांत ‘ग्लोबल मेटल’ हा सन्मान बँडला मिळाला, तोही या पाश्चात्त्य वळणाच्या संगीतासाठीच.

‘दशावतार’ (२०१७) मध्ये ही दिशा बदलली. यात विष्णूच्या १० अवतारांवर प्रत्येकी एक अशा १० रचना असून त्या मत्स्यापासून कल्कीपर्यंतच्या क्रमाने येतात. मेटलच्या मांडणीत भारतीय वाद्ये व स्वरावली गुंफल्या आहेत, गीते इंग्रजीत आहेत. कोकणातील दशावतार या लोकनाट्याशी या अल्बमाचा संबंध नाही, आधार पुराणकथेचाच आहे. आशयाच्या दृष्टीने तो अरबी ब्लॅक मेटलहून वेगळ्या वाटेने जातो. अल-नमरूद देवाविरुद्ध उभ्या राहिलेल्या राजाचे नाव घेतो, तर ‘दशावतार’मध्ये हिरण्यकशिपूसारख्या राजाचा नाश करणाऱ्या अवतारांचे आख्यान आहे. बंडखोरीचे संगीत येथे कथनासाठी वापरले गेले आहे. यामुळे ब्लॅक मेटलचा मूळ स्वभाव हरवतो का, असा प्रश्न विचारता येतो. परंतु नॉर्स पुराणकथा गाणाऱ्या युरोपीय बँडना तो क्वचितच विचारला जातो.

धर्मटीकेचा मूळ धागा भारतात अधिक उघडपणे जपला तो कोलकात्याच्या हीदन बीस्ट या बँडने. त्याचे सदस्यही टोपणनावांनीच वावरतात. ‘अयोध्या बर्न्स’ (२०१२) मध्ये तबल्यासह भारतीय तालवाद्यांचा उपयोग असून विषय बाबरी मशिदीचा विध्वंस व त्यानंतरचा हिंसाचार हा आहे. ‘द ड्राउनिंग ऑफ द एलिफंट गॉड’ ही त्याची नंतरची ध्वनिमुद्रिका गणेशमूर्तींच्या विसर्जनाने होणाऱ्या जलप्रदूषणाविषयी आहे, म्हणजे विषय मुंबई-पुण्याला अधिक जवळचा आणि बँड बंगालचा. २०२० मध्ये त्याचा ‘द रिव्होल्यूशन विल नॉट बी टेलिव्हाइज्ड, बट इट विल बी हर्ड’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. मुंबईत सोलर डेइटी व कॉस्मिक इन्फ्यूजन हे ब्लॅक मेटल वाजवणारे आणखी बँड होत.

सॅम डन यांच्या ‘ग्लोबल मेटल’ (२००८) या माहितीपटात ब्राझील, जपान, चीन, इंडोनेशिया, इस्रायल व संयुक्त अरब अमिराती यांच्यासोबत भारतावरही एक प्रकरण आहे. जेरुसलेम व मुंबई या दोन शहरांतील मेटलचे जग एकाच कृतीत शेजारी पाहायला मिळण्याचे हे एक सहज उपलब्ध साधन आहे.